पतंगाला बांधलेले दाजी

दाजींनी स्वतःला पतंगाला बांधून घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात त्यांच्याखेरीज चार माणसं होती. आई, वडील, ताई आणि मी. चौघांनाही तो शुद्ध खुळेपणा वाटत होता आणि त्या दोन दिवसांत चौघांपैकी एकानंही तसं म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. पुढे मी मास्तर झालो, वर्गात पोरांना "शंका असेल तर विचारा" म्हणून रोज सांगतो, आणि दर वेळी मनातल्या मनात स्वतःच्या एक थोबाडीत देतो.

साल नव्व्याण्णव. त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता, उन्हाळा सरता सरता. ताई आणि दाजी नगरहून धोंड्याच्या जेवणाला आमच्याकडे, राहुरीजवळच्या वस्तीवर आले होते. पुरणाचे धोंडे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, जावयाला नवे कपडे, सगळं यथासांग. आईचा एक नियम होता. या महिन्यात जावई दारातून परत जाईपर्यंत त्याला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही. जावई म्हणाले भाजीत मीठ जास्त आहे, तर आहेच. जावई म्हणाले दिवसा चांदणं पडलंय, तर पडलंय. वडील एरवी सरपंचालाही जुमानायचे नाहीत, पण तो महिनाभर तेही 'व्हय व्हय' करत मान हलवायचे. मला ते बघून हसू यायचं.

दाजी तसे मान मागून घेणारे नव्हते. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते फिटर होते. बोलणं कमी, हात मात्र विलक्षण. जनावरांचा चारा कापायची आमची कडबाकुट्टी त्यांनी एकदा उघडून जोडली, त्यानंतर तिचा एक बोल्ट कधी हलला नाही. मशीनच्या हादऱ्यानं नट ढिला होतो, म्हणून त्यावर दुसरा नट आवळून बसवतात. त्याला चेकनट म्हणतात. दाजी चेकनट लावल्याशिवाय कुठलंच काम हातावेगळं करत नसत. ताईच्या स्वयंपाकघरातल्या फळीलासुद्धा त्यांनी चेकनट लावले होते, जसं काही तिच्यावर बरण्यांऐवजी इंजिन ठेवायचं होतं.

हा माणूस एका संध्याकाळी शेजाऱ्याकडे केबल बघत बसला होता. परदेशातला कुठलासा समुद्र, त्यावर भला मोठा पतंग, आणि पतंगाच्या दोरीला एक माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून सरकत चाललेला. दोन मिनिटांचं दृश्य. त्या दोन मिनिटांनी दाजींचे पुढचे आठ महिने खाल्ले. नगरच्या जुन्या बाजारात लष्कराचा टाकाऊ माल येतो, तिथून त्यांनी पॅराशूटचं कापड आणलं. मांडव शिवणाऱ्या शिंप्याकडून ते शिवून घेतलं. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा केला, वर बारा फुटांचा पतंग ताणून बसवला. त्याला दोन नायलॉनच्या दोऱ्या, दोन्ही एका आडव्या नळीला बांधलेल्या, ही नळी हातात धरायची. खाली उभं राहायला जाड प्लायवूडची फळी, तिच्यावर पाय अडकवायला टायरच्या पट्ट्या. हे सगळं घेऊन ते एसटीच्या टपावरून आमच्याकडे आले. मुळा धरणाचं पाणी वस्तीपासून सायकलच्या अंतरावर होतं, म्हणून.

आल्या दिवशी दुपारीच त्यांनी ते आमच्या नांगरटीत उभं करून बघितलं. वारा जोराचा होता. जूनच्या तोंडाला आमच्याकडे पश्चिमेचा वारा असा सुटतो की वाळत घातलेली गोधडी शेजारच्या वस्तीवर सापडते. दाजींनी पतंग उचलून धरला आणि नळी माझ्या हातात दिली. पतंग वर गेला आणि पुढच्या क्षणी मी पालथा पडून ढेकळांतून फरफटत होतो. हनुवटी सोलली, गुडघे फुटले, मी हात सोडले. पतंग दोन गिरक्या घेऊन बांधावर आपटला.

दाजींनी आधी पतंग बघितला, मग मला. म्हणाले, "बघ, हातानं हे धरनं व्हनार न्हाई. मानूस सोडून देतो. पट्टा पायजे."

आता मला कळतं की त्या ढेकळांनी आम्हाला सगळं शिकवलं होतं. हात सुटला म्हणून माझं फक्त हनुवटीवर भागलं. नवख्या माणसानं आधी लहानसा पतंग घ्यावा, कोरड्या जमिनीवर दहा दिवस नुसता उडवायला शिकावं, आणि पहिल्या दिवशी फक्त सोडायला शिकावं. एका झटक्यात, न बघता, घाबरलेल्या हातानं सुटलं पाहिजे. दाजींनी त्याच अनुभवातून नेमका उलटा धडा घेतला. ज्याचं सगळं आयुष्य काही सुटू नये म्हणून आवळण्यात गेलं, तो दुसरं काय शिकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर पट्टा तयार करत बसले. कारखान्यातल्या कन्व्हेयर बेल्टचा चार बोटं रुंद तुकडा, कमरेभोवती येईल एवढा. पोटावर दोन्ही टोकं एकावर एक येत आणि त्यांतून एक बोल्ट आरपार. त्याच बोल्टला पतंगाच्या नळीची साखळी. मी गोठ्यात होतो. मी तेव्हा बी. ए. होऊन नोकरीची वाट बघत गाई सांभाळत होतो, आणि गाईंनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. जनावराला बांधताना शेवट सुरगाठीनं करायचा. गोठ्यात साप निघाला, आग लागली, जनावर दाव्यात अडकलं, तर दोरीचं मोकळं टोक ओढलं की गाठ उलगडली पाहिजे. माझ्या लहानपणी आमची एक कालवड निरगाठीत अडकून गेली होती. वडील विळा शोधत होते तेवढ्यात ती गेली.

म्हणजे तो बोल्ट बघताक्षणी मला समजलं होतं. अगदी स्वच्छ समजलं होतं. मी तोंड उघडलं. आई चुलीपाशी बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच दटावलं. तिलाही कळलं होतं मी काय बोलणार आहे ते.

दाजी म्हणाले, "तेरा नंबरचा पाना दे. अन् दुसरा घेऊन बोल्टाचं डोकं धर."

मी पाना दिला. डोकं धरलं. त्यांनी पट्टा कमरेला घालून मापाचा करून बघितला, काढला, पुन्हा ठोकठाक केली. दुपारी धरणावर गेल्यावर त्यांनी तो शेवटचा घातला, तेव्हा त्यांना वाकून स्वतःच्या पोटावरचा चेकनट नीट आवळता येईना. म्हणाले, "तू आवळ." मी दोन्ही पाने घेतले, एकानं आतला नट धरला आणि दुसऱ्यानं चेकनट कचकचून आवळला. अर्धा पीळ जास्तच दिला. मला चिडायला झालं होतं आणि तो राग मी नटावर काढला.

निघताना आईनं तेवढी एक गोष्ट केली. तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा, बूच घट्ट लावलेला, सुतळी घालून तयार ठेवला होता. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात तसा. दाजी ओशाळले. "आत्या, मी काय पोरगं हाय व्हय? मला चांगलं पवता येतं." आई म्हणाली, "तुमाला येतंच की. माझ्या जिवाला बरं वाटंल म्हनून बांधा." नाही न म्हणता तिनं डबा बांधलाच. चौघांत तिचं एकटीचं डोकं चाललं. ताई उंबऱ्यात उभी होती. ती नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

उन्हाळ्याच्या शेवटाला धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. आम्ही गेलो ती जागा एका खोबणीसारखी आत शिरलेली होती. समोर लांबवर धरणाची मातीची भिंत, पाण्याच्या बाजूनं दगडांनी मढवलेली. वारा आमच्या पाठीवर होता. काठावरून पाण्याकडे आणि पाण्यावरून थेट त्या दगडांकडे.

"एकदम बेस," दाजी म्हणाले. "वाराच आपल्याला पान्यावर घेऊन जाईल."

जाईल हे खरं. आणेल कोण, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वारा काठाला आडवा, थोडासा काठाकडेच ढकलणारा हवा, म्हणजे चूक झाली तरी माणूस परत जमिनीला लागतो. पुढे दगड, भिंत, झाड काही नको. जवळ एक नाव तयार हवी. हे मी फार नंतर, जखम भरून आल्यावर शिकलो. त्या दिवशी आमच्याजवळ होती ती एक सायकल.

मी पतंग घेऊन पाण्यात शिरलो. छातीपर्यंत पाणी आलं तिथं वळून उभा राहिलो. दाजी काठाशी गुडघाभर पाण्यात, फळीवर पाय अडकवून बसल्यासारखे. त्यांनी मान हलवली. मी पतंग वर धरला आणि वाऱ्यानं तो माझ्या हातातून हिसकावून घेतला.

पतंग सरळ वर गेला नाही. तो आडवा धावला, दोऱ्या ताठ झाल्या, आणि दाजी पाण्यातून उचलले गेले. खरोखर उचलले गेले. माझ्या डोक्यावरून त्यांचे पाय गेले, एका पायात फळी लटकत होती. वीस-पंचवीस फूट लांब ते पाण्यावर पडले आणि मग तोंडावर पालथे, पाणी फाडत, लांब लांब जाऊ लागले. पाठीवरचा डबा उड्या मारत होता. फळी मागे राहिली. ते एक हात वर करून ओरडत होते. पहिल्यांदा मला कळेना. मग ऐकू आलं. "पाना. पाना आन."

पाने काठावर गोणपाटावर होते. एवढे कामाचे पाने, आणि दोन्ही काठावर. मी पाण्यातून पळायचा प्रयत्न केला. छातीभर पाण्यात माणूस पळू शकत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. गाळात पाय रुतत होते, मी पडत होतो, उठत होतो, आणि तोंडानं काय बोलत होतो कोण जाणे. कुठल्या देवाचं नाव घेत होतो तेही आठवत नाही. एवढंच आठवतं की घरी जाऊन ताईला काय सांगायचं, याची वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप जुळत होती, आणि एकही वाक्य धड होत नव्हतं.

काठावर थोडं पुढे एक मच्छीमार नवराबायको जाळं सोडवत बसले होते. त्यांच्याजवळ थर्माकोलचे तुकडे गोणीत भरून, बांधून केलेला तराफा होता. मी पाने मुठीत घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. बोट दाखवलं. मच्छीमारानं बघितलं. तो उठला, तराफा ढकलला आणि म्हणाला, "पालथा पड. हलू नको." बायकोनं विचारलं, "दोघांचं वजन घील का?" तो म्हणाला, "घीलच."

त्यानं वल्हं मारायला सुरुवात केली. वारा आमच्याही पाठीवर होता, त्यामुळे तराफा पळत होता, पण पतंगापुढे तो काय पळणार. मग वाऱ्याचा जोर पडला आणि पतंग पाण्यावर बसला. दाजी थांबले. त्यांचं डोकं वर आलं, खोकल्याचा आवाज आला. आम्ही जवळ जवळ गेलो. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसण्याइतके जवळ. मी हात लांब केला, आणि वाऱ्याचा झोत आला. पाण्यावर पडलेला पतंग फुगून उठला आणि त्यांना घेऊन गेला. माझ्या हाताला त्यांच्या शर्टाची बाही लागून सुटली.

असं तीनदा झालं. तीनदा. तिसऱ्या वेळी दाजी ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डबा त्यांच्या पाठीवर तरंगत होता आणि त्याच्यावर विसंबून ते नुसते पडून होते. मला वाटलं संपलं. मी मोठ्यानं रडत होतो, आणि मच्छीमार मला म्हणाला, "रडनं मागून. आता उडी मार."

मी उडी मारली. पट्टा हाताला लागला. एका हातानं पट्टा धरून दुसऱ्या हातानं मी पाना बोल्टावर बसवायला लागलो. चेकनट सोडवायला दोन पाने लागतात, आणि दोन पान्यांना दोन हात लागतात. मी पट्टा सोडला, दोन्ही हात कामाला लावले, एक लाट तोंडावर आली आणि एक पाना हातातून गेला. मला तो खाली जाताना क्षणभर दिसला. उरलेला पाना मी फिरवला तर नट, चेकनट, बोल्ट सगळंच एकत्र गोल फिरायला लागलं. घट्ट बसवलेलं काम होतं. मीच बसवलेलं.

दाजी पुटपुटले, "सोड मला. तू जा." मी त्यांना शिवी दिली. आयुष्यात जावयाला दिलेली पहिली शिवी. तेवढ्यात झोत आला आणि आम्ही दोघंही निघालो.

दगडांवर आम्ही कसे आदळलो ते मला सलग आठवत नाही. दाजींचा डावा पाय आधी आदळला. तो आवाज मला ऐकू आला, पाण्याच्या आवाजातूनही आला. पतंग भिंतीच्या वर जाऊन वाऱ्यात उभा राहिला आणि तिथून त्यांना दगडांवरून वर ओढायला लागला. मी त्यांच्या चांगल्या पायाला मिठी मारून लटकलो होतो. माझी नखं दगडांत अडकत होती आणि आम्ही तरीही हात हात वर सरकत होतो. दाजी किंचाळत होते. भिंतीच्या माथ्यापलीकडे काय आहे ते मला ठाऊक होतं. पलीकडे खोल उतार आहे.

मागोमाग येऊन पोचलेला मच्छीमार तराफा टाकून दगडांवरून चढत वर गेला. त्यानं एक दोरी धरली. फक्त एक. दुसरीला त्यानं हात लावला नाही. ती एकच दोरी तो जाळं ओढावं तशी हातावर हात टाकत ओढत गेला. पतंग एका अंगावर कलला, त्याच्यातला वारा सांडला आणि तो फडफडत खाली पडला. एवढंच होतं ते. दोन दोऱ्यांपैकी एकच ओढली की पतंगातला जीव जातो. आठ महिने खपलेल्या माणसाला आणि बी. ए. झालेल्या माणसाला जे सुचलं नाही, ते त्यानं उभ्या उभ्या केलं. पाण्यावर त्याचे दोन्ही हात वल्ह्यात अडकले होते, आता ते मोकळे झाले तसं बंडीच्या खिशातून जाळं कापायचं पातं काढून त्यानं दोऱ्या कापल्या. त्याच्या तळहातांची कातडी निघाली होती.

तो खाली बसला आणि पट्ट्याकडे बघत राहिला. बोटानं बोल्ट चाचपला. म्हणाला, "आमी जाळं टाकतानी कमरंला दोर बांधत न्हाई. हातात धरतो. लई जोर आला तर हात सोडता येतो. कंबर कशी सोडनार?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका टेम्पोनं आम्हाला राहुरीला आणलं आणि तिथून नगरला पाठवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, गुडघ्याची वाटी फुटली होती. छातीत पाणी गेलेलं. दवाखान्यात पट्टा कापायला कुणाजवळ काही मिळेना, शेवटी वॉर्डबॉयनं कुठूनतरी दोन पाने पैदा केले. मी तिथं उभा होतो. दोन हातांनी, बसल्या जागी, तो बोल्ट अर्ध्या मिनिटात सुटला. मला तिथंच भिंतीला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

ताई वडिलांबरोबर आली तेव्हा दाजी आत होते आणि मी व्हरांड्यात बाकावर. ती रडत नव्हती. माझ्या हनुवटीवर आदल्या दिवशीच्या जखमेवर नवी जखम होती, नखं गेली होती, तिनं त्यांतलं काही विचारलं नाही.

"डॉक्टर म्हनले जगतील," मी म्हणालो.

"ऐकलं मी. त्यो बोल्ट तू बघितला हुतास?"

"बघितला."

"तुला कळलं हुतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, "कळलं हुतं."

"मग?"

"जावई हायेत ताई. अधिकाचा महिना. आई म्हनली हुती..."

"मी तितं आठ महिने रोज न्हाई म्हनत हुते," ताई म्हणाली. "भांडून भांडून थकले. म्हनून तर ते हितं आले. मला वाटलं हितं तरी कुनी बापय मानूस बोलंल. तुमचे जावई असतील. माझा नवरा हाय त्यो."

वडील दूर जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. ताई आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तिनं तसंच करायला हवं होतं.

दाजींचा पाय तीन महिने वजन लावून टांगलेला होता. मग घरी आणलं. फिटरला दिवसभर उभं राहावं लागतं, ते आता होणार नव्हतं. कारखान्यानं त्यांना बसून करायचं काम दिलं खरं, पण ते पुढचं. त्या दिवसांत मी आठवड्यातून दोनदा दूध घेऊन नगरला जायचो आणि त्यांच्या खाटेशी बसायचो. आम्ही क्रिकेटबद्दल बोलायचो, कांद्याबद्दल बोलायचो. धरणाचं नाव कुणी काढत नव्हतं.

एका दुपारी ताई पाणी भरायला गेली होती. दाजींनी उशीखालून कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं एक चित्र काढलं होतं. पट्टा, साखळी, आणि बोल्टाच्या जागी एक पिन. पिनेला लाल गोळा. "गोळा वढला की पिन निघती," ते म्हणाले. "सगळं एका झटक्यात मोकळं. नीट बघ, चुकलंय का कुठं?"

चित्रात काही चुकलं नव्हतं. जे त्या दिवशी हवं होतं ते नेमकं तेच होतं.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "आता न्हाई. तुमी पुना त्या पान्यात जायचं न्हाई."

मला वाटलं चिडतील, अपमान झाला म्हणतील. पण आता तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढचंही बोललो. "मला लई भ्या वाटतं. तुमी मेला असता. मी तो नट आवळला. मला दिसत हुतं तुमी मरनार, आन् मी आवळला."

दाजींनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

"मलाबी भ्या वाटत हुतं," ते म्हणाले. "आदल्या दिवशी तू नांगरटीत फरफटलास, तवापासनं. पर मी आठ महिने गावभर सांगितलेलं. हिच्याशी भांडलेलो. आता मागं कसं फिरायचं? म्हटलं, सासुरवाडीला कुनीतरी न्हाई म्हनंल, मग मी म्हनंन, बरं, तुमी म्हनताय तर ऱ्हाऊ द्या. मामा काय बोलले न्हाईत. आत्यांनी डबा आनला. तुझ्या हातात पाने दिले तवा मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. आता म्हनंल, आता म्हनंल."

बाहेर ताईच्या कळशीचा आवाज आला. दाजींनी डोळे पुसले आणि खाटेच्या कडेला हात रोवून उठायला गेले, पण जमलं नाही.

"तू एकदा न्हाई म्हनला असतास," ते म्हणाले, "तर मी तितंच थांबलो असतो."